‘डिजिटल’ रेडिओच्या नावाखाली आम्हाला घातलेला गंडा

समाजमाध्यमांवर सध्या मराठीत एक जाहिरात फिरते आहे. गावाकडची आकाशवाणी ऐका जगात कुठेही, परदेशी डिजिटल इंटरनेट रेडिओवर. लाकडी खोक्याचा देखणा संच, किंमत साडेआठ हजार, पैसे फक्त ऑनलाइन आणि आधी. आम्ही बंगळुरूला राहतो. या जाहिरातीमागच्या माणसाने आमचे सगळे मिळून दहा हजार खाल्ले आणि आणखी पाच हजार त्याच्या घशात जाता जाता राहिले. सगळं सविस्तर लिहिते आहे, कारण तो सरळसरळ खोटं फार कमी बोलला. त्याचं प्रत्येक वाक्य निम्मं खरं होतं.

माझे सासरे, म्हणजे अप्पा, शिरूरकडचे. उभा जन्म पुणे केंद्र ऐकण्यात गेला. ७९२ किलोहर्ट्झ हा आकडा त्यांना स्वतःच्या फोन नंबरापेक्षा पाठ आहे. बंगळुरूत दिवसा ते केंद्र मिडीयम वेव्हवर लागणं शक्य नाही, आणि फ्लॅटमधले एलईडी दिवे, इन्व्हर्टर, चार्जर मिळून रात्रीही कानात नुसती खरखर ओततात. मोबाइलवर पुणे ऐकू येतं, पण त्यांना उशाशी ठेवता येईल, खटका दाबला की बोलायला लागेल असा रेडिओ हवा होता. ऐंशीच्या घरातल्या माणसाची मागणी रास्तच होती.

फोनवरचा माणूस गोड. “काका, मीपण पुण्याचाच.” पहिल्याच फोनला त्याने अप्पांना शिरूरच्या बाजारपेठेबद्दल विचारलं. मग म्हणाला, आकाशवाणी आता डिजिटल झाली आहे, आणि हा संच डिजिटल आहे, म्हणजे इंटरनेट बंद पडलं तरी आवाज येणार.

यात दोन्ही गोष्टी खऱ्या आहेत, फक्त त्यांचा एकमेकींशी काडीचा संबंध नाही. आकाशवाणीने मिडीयम वेव्हसाठी डीआरएम ही डिजिटल पद्धत घेतली. इथलं बंगळुरूचं ६१२ किलोहर्ट्झचं केंद्रही त्यात आहे. आम्हाला मिळालेला संच डीएबी या दुसऱ्याच डिजिटल पद्धतीचा. ही पद्धत ब्रिटन, जर्मनी, नॉर्वेसारख्या देशांत चालते. नॉर्वेने तर २०१७ मध्ये राष्ट्रीय वाहिन्यांचं एफएम बंद करून सगळा भार तिच्यावर टाकला. ती १७४ ते २४० मेगाहर्ट्झच्या पट्ट्यात असते, आणि भारतात त्या पट्ट्यात ऐकायला काही नाही. डीएबीच्या संचाला डीआरएम कळत नाही आणि डीआरएमच्या संचाला डीएबी. खोक्यावर दोन्हीकडे ‘डिजिटल’च लिहिलेलं असतं. धंदा त्या एका शब्दावर चालतो.

पार्सल उघडलं तेव्हा पहिला संशय प्लगने आणला. तीन जाड, चपट्या दांड्यांचा, आत फ्यूज असलेला ब्रिटिश प्लग, आणि त्याला चिकटपट्टीने बांधलेला रस्त्यावर मिळतो तसला जोड. खोकं नवं कोरं, पण त्यावर आयातदाराचं नाव नाही, पत्ता नाही, कमाल किरकोळ किंमत नाही. आयात केलेल्या बंद मालावर हे छापणं कायद्याने बंधनकारक आहे. संचाच्या पाठीवरचा अनुक्रमांकाचा कागद नखाने खरवडलेला, आणि लाकडावर पॉलिशचा ताजा वास. म्हणजे कुणीतरी तिकडे वापरून टाकलेला माल इकडे घासूनपुसून ‘नवा’ झाला होता.

डीएबी सुरू केलं. पडद्यावरची पट्टी शेवटपर्यंत भरली आणि ‘एकही केंद्र नाही’ असं आलं. फोन केला. “काका, तुमच्याकडे सिग्नल कमी आहे, गच्चीवर नेऊन बघा.” अप्पा गुडघे धरत संच काखोटीला मारून गच्चीवर गेले. हे मला अजून खुपतं.

मग इंटरनेटचा भाग. तिथे त्याने आमच्या वायफायवर खापर फोडलं. राउटर बदला, पासवर्ड लहान करा, कंपनीवाल्याला बोलवा. कंपनीचा मुलगा आला. हा जुना संच वायफायचा फक्त २.४ गिगाहर्ट्झचा पट्टा ओळखतो हे त्याने पाहिलं, राउटरवरचे दोन पट्टे वेगळे केले, आणि संच वायफायला जोडला गेला. तरीही केंद्रांची यादी येईना. मुलगा म्हणाला, “मॅडम, नेट बराबर है, सामनेवाला सर्वर ही नहीं है.”

त्याचं बरोबर होतं. इंटरनेट रेडिओच्या पोटात केंद्रांचे पत्ते नसतात. चालू केल्यावर तो एका ठरलेल्या सर्व्हरला यादी मागतो. ती सेवा चालवणाऱ्याने दुकान बंद केलं की संच धडधाकट असूनही मुका होतो. ‘रेसिव्हा’ नावाची अशी एक सेवा २०२१ मध्ये बंद झाली, आणि तिच्यावर अवलंबून असलेले वेगवेगळ्या ब्रँडचे संच जगभर एकदमच यादीविना राहिले. असे संच परदेशात कवडीमोल मिळतात. ते कुठे जातात, हे आता आम्हाला कळलं.

एव्हाना बिलावरची ‘सात दिवसांत परत’ ही मुदत संपली होती. आज गच्ची, उद्या राउटर, परवा कंपनीवाला, ही सगळी धावपळ त्यासाठीच होती. मुदत संपली त्या दिवसापासून आवाजातलं ‘काका’ गेलं आणि ‘सर’ आलं. सर, केंद्रांची यादी ॲक्टिव्हेट करावी लागेल, १,४९९ रुपये, आयुष्यभरासाठी. अप्पांनी तेही भरले. बंद सर्व्हरला आयुष्यभराची वर्गणी!

जाहिरातीतल्या व्हिडिओत मात्र हाच संच पुणे केंद्र लावून दाखवतो. आमच्या भाच्याने तो व्हिडिओ मोठ्या पडद्यावर थांबवून थांबवून पाहिला. संच समोरून दिसतो, पाठ भिंतीला. पडद्याच्या कोपऱ्यात बारीक अक्षरांत ‘ऑक्स इन’. म्हणजे मागच्या भोकात वायर खुपसलेली, आणि वायरच्या दुसऱ्या टोकाला मोबाइल. आवाज मोबाइलवरच्या आकाशवाणीचा, रेडिओ नुसता स्पीकर.

पैसे परत मागितल्यावरचा प्रकार सगळ्यात नीच. दुपारी घरात अप्पा एकटे आणि मी आतल्या खोलीत ऑफिसच्या मीटिंगमध्ये. त्याने व्हॉट्सॲपवर क्यूआर कोड पाठवला. “सर, रिफंड पाठवतोय, स्कॅन करून पिन टाका.” कोडमागे ४,९९९ रुपये होते. अप्पा पिन विचारायला माझ्या दाराशी आले, कारण पिन माझ्याकडे असतो, आणि म्हणूनच तेवढे वाचले. पैसे घ्यायला पिन लागत नाही, कोडही स्कॅन करावा लागत नाही. पिन टाकला म्हणजे पैसे आपल्याच खात्यातून जाणार. हे घरातल्या प्रत्येक वडीलधाऱ्या माणसाला दोनदा सांगा, एकदा सांगून भागत नाही.

१९३० या सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनवर फोन केला, राष्ट्रीय सायबर गुन्हे पोर्टलवर तक्रार नोंदवली. तिथल्या बाईंनी पहिला प्रश्न विचारला, पैसे गेले कधी? पैसे जाऊन तास-दोन तास झाले असतील तर पुढच्या खात्यात गोठवता येण्याची आशा असते. आमच्या बाबतीत ते कधीच पुढे सरकले होते. खराब मालाची तक्रार १९१५ या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर वेगळी केली. तिथे विक्रेत्याचा पत्ता विचारतात. आमच्याकडे एक मोबाइल नंबर, एक यूपीआय आयडी आणि जीएसटी क्रमांक नसलेलं बिल. तक्रार क्रमांक मिळाले आहेत, पैसे नाहीत. स्क्रीनशॉट, पार्सलवरचं लेबल आणि त्या खोक्याचे फोटो मात्र जपून ठेवले आहेत, कारण दोन्हीकडे तेच मागतात.

संच आता स्वयंपाकघरात एफएमवर १०२.९ ची विविध भारती लावतो, ते त्याला जमतं. अप्पांसाठी जुना मोबाइल कायमचा चार्जिंगला लावून त्यावर ‘न्यूज ऑन एअर’ ॲप टाकलं आणि त्याला एक बरा स्पीकर जोडला. खटका दाबल्यावर बोलणारा नाही, पण सकाळच्या प्रादेशिक बातम्या वेळेवर येतात.

इंटरनेट रेडिओ घेऊच नका असं मी म्हणत नाही. नवे, चालू सेवेचे संच चांगले असतात. पण घेण्याआधी विचारा, केंद्रांची यादी कोण पुरवतं आणि ती सेवा आज चालू आहे का. डिजिटल म्हणजे डीएबी की डीआरएम? आणि व्हिडिओ कॉलवर, संचाच्या मागची बाजू दाखवत, त्याच्या मोबाइलच्या हॉटस्पॉटवर तुम्ही सांगाल ते केंद्र लावायला सांगा.

भाच्याने दुसऱ्या नंबरवरून गिऱ्हाईक बनून त्या माणसाला नेमकं हेच विचारलं. आधी “हो सर, लगेच दाखवतो” झालं. भाचा म्हणाला, मागची वायर काढून दाखवा. फोन कट. नंबर ब्लॉक.