घरी येऊन शिकवणारी श्वानप्रशिक्षण सेवा : बंड्याबरोबरचे चार महिने

गेल्या वर्षी जूनमध्ये आमच्या कोथरूडच्या सदनिकेत ३ महिन्यांचे एक देशी पिल्लू आले आणि त्याचे पहिल्याच दिवशीचे पराक्रम पाहून सासूबाईंनी त्याचे नाव बंड्या ठेवले. त्याच्यासाठी आम्ही वर्षभरात दोन वेगवेगळ्या प्रशिक्षण सेवा घेतल्या. पहिली निवासी होती, दुसरी घरी येऊन शिकवणारी. हे परीक्षण मुख्यतः दुसरीचे आहे. पण पहिलीचा अनुभव सांगितल्याशिवाय दुसरीचे मोल कळणार नाही, म्हणून तोही थोडक्यात देते. कोणाची जाहिरात किंवा बदनामी करण्याचा हेतू नसल्यामुळे दोन्ही ठिकाणांची नावे दिलेली नाहीत.

सप्टेंबरपर्यंत बंड्याने जेवणाच्या टेबलाचा एक पाय आणि चपलांचे चार जोड कुरतडले होते, दाराची घंटा वाजली की तो दहा मिनिटे भुंकत असे आणि पट्टा लावून खाली नेले तर समोर कबुतर दिसताच माणसाला फरपटत नेत असे. त्यामुळे शहराबाहेरच्या एका केंद्रात आम्ही त्याला १५ दिवस ठेवले. परत आला तेव्हा हात उंचावताच तो बसत होता आणि दाराशी गप्प उभा राहत होता. पहिले दोन दिवस आम्हाला समाधान वाटले. तिसऱ्या दिवशी सासूबाईंनी देवघरातील घंटा वाजवण्यासाठी हात वर केला, तेव्हा तो पलंगाखाली शिरला आणि तिथेच त्याने शू केली. मानेवरचे केस साखळीच्या फासाने विरळ झाले होते, हे आमच्या लक्षात त्यानंतर आले. आठवडाभरात शिकवलेले सगळे पुसले गेले, भीती मात्र राहिली. विचारणा केली, तेव्हा ‘मालक कोण ते कुत्र्याला कळलेच पाहिजे’ असे उत्तर मिळाले. या समजुतीचे मूळ बंदिवासात एकत्र कोंडलेल्या अनोळखी लांडग्यांच्या निरीक्षणात आहे : असे लांडगे वर्चस्वासाठी भांडतात, म्हणून कुत्र्यावरही माणसाने वर्चस्व गाजवायला हवे, असा तो तर्क. रानातील लांडग्यांचा कळप बहुधा आईबाप आणि त्यांची पिल्ले असे कुटुंबच असते, हे लांडग्यांचे अभ्यासक डेव्हिड मीच (David Mech) यांनी १९९९ च्या शोधनिबंधात स्पष्ट केले आहे. तरीही त्या समजुतीच्या नावाखाली आजही पिल्लांच्या गळ्यात फास अडकवले जातात, याचे मला फार वाईट वाटते.

दुसरी सेवा आमच्या पशुवैद्यांनी सुचवली. १२ सत्रे, प्रत्येक सत्र एक तासाचे, पहिले दोन महिने दर आठवड्याला आणि पुढचे दोन महिने पंधरवड्याने, असा क्रम होता आणि शुल्क १८,००० रुपये. ऑक्टोबरच्या पहिल्या आठवड्यात प्रशिक्षिका पहिल्यांदा आल्या आणि त्या संपूर्ण तासात त्यांनी बंड्याला एकही आज्ञा दिली नाही. त्या सतरंजीवर भिंतीला टेकून बसल्या, त्याच्याकडे पाहणेही त्यांनी टाळले आणि आम्हाला प्रश्न विचारत राहिल्या. रेबीजची लस कधी दिली, गोचिडांवरचे औषध नियमित आहे का, तो किती तास झोपतो, किती वेळ एकटा असतो, खायला कोण घालते, रागावते कोण, अशी ती चौकशी होती. रेबीज लसीचे प्रमाणपत्र दाखवून महापालिकेचा परवाना काढायचा असतो, याची आठवणही त्यांनीच करून दिली. तासाच्या शेवटी बंड्या आपण होऊन त्यांच्या पायाशी जाऊन बसला. निवासी केंद्रातून आल्यापासून एखाद्या परक्या माणसाजवळ तो असा प्रथमच गेला होता.

घरातल्या शब्दांचा त्यांनी जो विचार केला, तो मला या सेवेचा सर्वांत मोलाचा भाग वाटतो. बहुतेक ठिकाणी इंग्रजी आज्ञा शिकवतात. त्यांनी मात्र घरात कोण काय बोलते ते दोन सत्रे ऐकून घेतले. आम्ही ‘बस’ ही आज्ञा वापरत होतो. पण सासूबाई भाजीवाल्याला, कामवाल्या मावशींना आणि वाढणाऱ्यालाही ‘बस, बस’ म्हणतात, आणि तेव्हा बसण्याशी त्याचा काही संबंध नसतो. दिवसातून वीस वेळा कानावर पडणाऱ्या आणि नऊ वेळा निरर्थक ठरणाऱ्या शब्दाकडे कुत्रा दुर्लक्ष करायला शिकतो, हे त्यांनी समजावले आणि बसण्यासाठी ‘बैस’ हा शब्द ठरवला. ‘ये’ या हाकेचीही तीच गत होती, कारण मुले एकमेकांना दिवसभर ‘ए’ म्हणून हाक मारतात. तिथे ‘इकडे’ आले. तोंडातली वस्तू टाकण्यासाठी ‘सोड’ आणि दारावरची घंटा वाजल्यावर सतरंजीवर जाण्यासाठी ‘जागेवर’ हे शब्द ठरले. हे चार शब्द कागदावर लिहून शीतकपाटावर लावले आणि घरातील पाचही जणांनी तेच वापरायचे असे ठरले. ज्या पिल्लाला आम्ही हट्टी म्हणत होतो, त्याला पाच माणसांच्या पाच भाषा एकाच वेळी समजून घ्याव्या लागत होत्या, हे मला तेव्हा उमगले.

शिकवण्याची पद्धत पूर्णपणे बक्षिसावर आधारलेली होती. नाकासमोर खाऊचा तुकडा धरून तो हळूच डोक्याच्या वर नेला की मान वर जाते आणि मागचा भाग आपोआप खाली टेकतो. टेकल्या क्षणी क्लिकरचा, म्हणजे हातात धरून दाबायच्या छोट्या साधनाचा, टक् आवाज आणि लगेच खाऊ. या आवाजामागे तत्त्व रशियन शास्त्रज्ञ पावलोव्ह यांच्या कुत्र्यांवरील प्रयोगांतलेच आहे : अन्नाशी पुनःपुन्हा जोडला गेलेला आवाज स्वतःच आनंदाची खूण बनतो. अवघड असते ती वेळ साधणे. माझ्या पतींच्या क्लिकरचा आवाज नेहमी दोन सेकंद उशिरा होत असे, तोवर बंड्या उठलेला असे आणि त्यामुळे उठण्याबद्दलच त्याला बक्षीस मिळत असे. प्रशिक्षिकेने एक सत्र जवळजवळ पूर्ण त्यांच्यावर खर्च केले आणि चेंडू जमिनीला टेकताच क्लिकर दाबण्याचा सराव करून घेतला. सासूबाईंची बोटे संधिवाताने आखडलेली असल्यामुळे त्यांना क्लिकर दाबता येत नाही. ‘आजी, तुम्ही फक्त “छान” म्हणा, पण प्रत्येक वेळी त्याच सुरात म्हणा,’ एवढेच त्यांना सांगितले गेले. आज बंड्या सर्वांत तत्परतेने त्यांचेच ऐकतो.

आमचे घर शाकाहारी असल्यामुळे उकडलेल्या कोंबडीच्या तुकड्यांऐवजी पनीर आणि उकडलेले गाजर वापरायचे ठरले. तुकडा हरभऱ्याच्या डाळीएवढा आणि तेवढे अन्न रोजच्या जेवणातून वजा, असा नियम होता. त्या ओघात घरातील एक मोठी चूक उघड झाली. प्रसादाच्या शिऱ्यातला घास आणि सकाळच्या कांदेपोह्यांतला घास बंड्याला प्रेमाने दिला जात होता. बेदाण्यांमुळे कुत्र्याची मूत्रपिंडे निकामी होऊ शकतात आणि कांद्यामुळे त्याच्या रक्तातील लाल पेशी नष्ट होतात, हे आम्हाला कोणालाच माहीत नव्हते. सासूबाईंनी त्या दिवसापासून त्याच्यासाठी बेदाण्यांशिवाय, साखरेशिवाय दोन चमचे रवा वेगळा शिजवायला सुरुवात केली.

कुरतडण्याबाबत त्यांनी आधी वय पाहिले. पिल्लाचे २८ दुधाचे दात पडून ४२ कायमचे दात येतात आणि हे साधारण ६ ते ७ महिन्यांपर्यंत चालते, त्यामुळे त्या काळात हिरड्यांना थंडावा आणि दातांना काम द्यावेच लागते. ओला करून गोठवलेला सुती पंचा आणि थंडगार गाजर ही दोन साधने त्यांनी दिली, चपला कपाटात गेल्या आणि टेबलाचा उरलेला भाग वाचला. घरात शू झालेल्या जागा आम्ही फिनाइलने पुसत होतो. त्यातील काही रसायने प्राण्यांना अपायकारक असतात आणि कुत्र्याच्या नाकाला मूळ वास येतच राहतो, म्हणून एन्झाइम असलेले, म्हणजे वासाचे मूळ घटकच मोडून टाकणारे, द्रव वापरायला सांगितले. झोपून उठल्यावर, खाल्ल्यावर आणि खेळून झाल्यावर लगेच खाली न्यायचे, हा नियम पाळायला घरातील माणसांनाच अधिक शिस्त लागली. डिसेंबरपासून घरात एकदाही शू झालेली नाही.

दाराच्या घंटेचे प्रशिक्षण सर्वांत चिवट ठरले आणि सर्वांत सुंदरही. घंटेचा आवाज फोनवर ध्वनिमुद्रित करून अगदी हळू वाजवायचा, त्याच क्षणी सतरंजीवर पनीर टाकायचे, मग आवाज वाढवायचा, मग खरी घंटा पण दाराबाहेर कोणी नाही, मग घरातलेच कोणी, आणि शेवटी परका माणूस, असे टप्पे होते. शेवटच्या टप्प्यासाठी आमच्या दूधवाल्या दादांनी आठवडाभर रोज दोनदा घंटा वाजवली. आता घंटा वाजली की बंड्या एकदा भुंकतो आणि सतरंजीवर जाऊन आमच्याकडे पाहत बसतो. ते एकदा भुंकणे बंद करण्याचा प्रयत्न करू नका, घराची राखण हा त्याचा स्वभाव आहे, असे प्रशिक्षिकेने सांगितले, आणि खंडोबाला मानणाऱ्या आमच्या घराला ते मनापासून पटले.

उणिवाही स्पष्ट सांगायला हव्यात. पहिली उणीव दिवाळीची. सेवा सुरू झाली तेव्हा सण तोंडावर होता आणि फटाक्यांच्या आवाजाची सवय लावायला काही आठवडे लागतात, हे पहिल्याच भेटीत सांगायला हवे होते. ते तिसऱ्या सत्रात सांगितले गेले. लक्ष्मीपूजनाच्या रात्री बंड्या न्हाणीघराच्या कोपऱ्यात थरथरत होता आणि आम्ही खिडक्या बंद करून, पंखा मोठा करून त्याच्याजवळ बसून राहण्यापलीकडे काही करू शकलो नाही. दुसरी उणीव मोकळ्या जागेतील हाकेची. घरात आणि इमारतीच्या आवारात ‘इकडे’ म्हटले की तो धावत येतो. मैदानात मात्र त्याची खात्री देता येत नाही, कारण १२ पैकी एकच सत्र बाहेर झाले. गल्लीतल्या भटक्या कुत्र्यांबाबत ‘अंतर ठेवा आणि रस्ता बदला’ हा सल्ला मिळाला, पण ती कुत्री आपण होऊन जवळ येतात तेव्हा काय करायचे, याचे पुरेसे उत्तर मिळाले नाही. शेवटी त्यांना खाऊ घालणाऱ्या शेजारच्या काकांची वेळ विचारून आम्हीच आमची फेरी पुढे ढकलली.

प्रत्येक सत्रानंतर दिलेली टिपणे केवळ इंग्रजीत होती. जी सेवा घरातली भाषा इतक्या काळजीने ऐकते, तिने टिपणे मराठीत देऊ नयेत, हे मला खटकले. मागणी करूनही ती मिळाली नाहीत. मुलीने प्रत्येक वेळी आजीसाठी ती मराठीत उतरवली. आदल्या दिवशी कळवूनही रद्द झालेले एक सत्र मोजले गेले, हा नियम करारात होता, तरी कठोर वाटला.

शुल्क निवासी केंद्रापेक्षा ३,००० रुपयांनी अधिक होते आणि रोज सकाळ-संध्याकाळ दहा-दहा मिनिटांचा सराव घरच्यांनाच करावा लागला. ज्या घरात दिवसभर कोणी नसते किंवा घरातील माणसे एकमताने एक शब्द वापरू शकत नाहीत, त्यांना या पैशाचा पुरता उपयोग होईल असे वाटत नाही. घरात वयस्कर माणसे आणि मुले असतील, पिल्लू लहान असेल किंवा आमच्या बंड्यासारखे आधीच घाबरलेले असेल, तर मी ही पद्धत आग्रहाने सुचवीन. सेवा निवडताना पहिल्या फोनवरच विचारावे, की कुत्र्याने ऐकले नाही तर तुम्ही काय करता. आमच्या प्रशिक्षिकेने या प्रश्नाला ‘मग मी त्याला जरा सोपे काम देते’ असे उत्तर दिले होते.

हात वर केला की आता बंड्या लपत नाही. सासूबाई सकाळी घंटा वाजवतात, तेव्हा तो देवघराच्या उंबऱ्याशी पुढचे पाय ताणून पडलेला असतो आणि आरती संपेपर्यंत हलत नाही. मैदानातील हाकेसाठी आम्ही आणखी २ सत्रे घेतली आहेत आणि फटाक्यांच्या आवाजाचा सराव या वेळी गणपती उठताच सुरू करणार आहोत.