नॉन-स्टिक तवा: भाकरीला नको, घावनांना चालेल

‘ग्रॅनाइट’, ‘मार्बल’, ‘टायटॅनियम’, ‘डायमंड’ अशा नावांनी विकले जाणारे बहुतेक तवे आतून एकाच जातीचे असतात: अ‍ॅल्युमिनियमच्या चकतीवर पीटीएफई, म्हणजे ज्याला आपण टेफ्लॉन म्हणतो त्याचा थर. ठिपके रंगाचे असतात, दगडाचे नव्हे. टायटॅनियम किंवा हिऱ्याची भुकटी खरोखर घातली असली तरी ती थराला घट्टपणा देते, न चिकटण्याचे काम पीटीएफईच करते. काही ‘ग्रॅनाइट’ तवे सिरॅमिक थराचेही असतात. त्यामुळे नावावर न जाता खोक्यावर बारीक अक्षरांत थर कशाचा लिहिला आहे ते वाचावे. लिहिलेच नसेल तर तवा परत फळीवर ठेवावा.

पीटीएफई १९३८ साली अमेरिकेत ड्यूपाँट या रसायन कंपनीच्या प्रयोगशाळेत रॉय प्लंकेट यांना अपघाताने सापडले. फ्रान्समध्ये १९५६ पासून टेफाल कंपनीने त्याची भांडी बाजारात आणली. आपल्याकडे औरंगाबादच्या निर्लेपने हे घराघरांत नेले. रसायन म्हणून पीटीएफई विलक्षण निष्क्रिय आहे. चिंच, कोकम, लिंबू, टोमॅटो, कशाशीच त्याची प्रक्रिया होत नाही. खरवडलेला पापुद्रा भाजीबरोबर पोटात गेला तर तो पचत नाही, शोषलाही जात नाही, जसा गेला तसा बाहेर पडतो. लोक सगळ्यात जास्त घाबरतात ते या पापुद्र्याला, आणि खरी काळजी घ्यायची असते ती रिकाम्या तापलेल्या तव्याची.

पीटीएफई सलग वापरात साधारण २६० अंश सेल्सिअसपर्यंत टिकते. त्यापुढे ते हळूहळू खराब होऊ लागते आणि ३५०च्या वर त्याचे विघटन जोरात होऊन विषारी वायू सुटतात. हा धूर छातीत गेला की काही तासांनी थंडी वाजून ताप, खोकला, छातीत जडपणा येतो. फ्लू समजून गोळी घेतली जाते आणि एक-दोन दिवसांत माणूस बरा होतो, म्हणून कारण लक्षातही येत नाही. पिंजऱ्यातले पोपट, लव्हबर्ड, बजरीगर मात्र वाचत नाहीत. पक्ष्यांची फुप्फुसे या धुराला फारच नाजूक असतात. घरात पक्षी असेल तर पीटीएफईचे भांडे स्वयंपाकघरात ठेवूच नये, असे आम्ही स्पष्ट सांगू.

आता २६० अंश म्हणजे किती? तव्यावर पीठ, पाणी, भाजी असेपर्यंत ओलावा तापमान आवरून धरतो. रिकामा पातळ तवा मोठ्या बर्नरवर किंवा इंडक्शनच्या सगळ्यात वरच्या पायरीवर काही मिनिटांतच २६०च्या पुढे जातो. फोन वाजला, दार उघडायला गेलो, एवढा वेळ पुरतो. तेल हा चांगला इशारा आहे. घाण्याचे शेंगदाणा तेल साधारण १६० अंशांच्या आसपास धुरायला लागते, रिफाइंड २३०च्या आसपास, तूप २५०च्या जवळ. तव्यावर तूप धुरत असेल तर थराची मर्यादा जवळ आली आहे, लगेच गॅस बंद करायचा. हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेने २०२४च्या आहार-मार्गदर्शक सूचनांत नॉन-स्टिकसाठी १७० अंशांचा आकडा दिला आहे. तो आम्हाला जरा जास्तच सावध वाटतो, कारण एवढ्या तापमानावर साधे तळण चालते. पण रिकामे भांडे आचेवर ठेवू नका आणि थर गेलेले भांडे टाकून द्या, हे त्यातले दोन्ही सल्ले पाळण्यासारखे आहेत.

म्हणून भाकरी या तव्यावर नको. भाकरीला कोरडा, कडक तापलेला तवा लागतो आणि दोन भाकऱ्यांच्या मधे तो रिकामा तापत राहतो. पोळीचेही तेच. त्यासाठी लोखंडी किंवा बिडाचा तवा. उलट घावन, धिरडी, आंबोळी, ऑम्लेट यांना मध्यम आच आणि थोडे तेल पुरते, आणि नॉन-स्टिकचे सुख तिथेच आहे. थालीपीठही चालते: थापून, भोकांत तेल सोडून, झाकण ठेवून मंद आचेवर. तवा तापवताना आधी त्यावर अर्धा चमचा तेल फासून घ्यावे आणि मगच गॅस लावावा, तोही मध्यम.

‘पीएफओए-फ्री’ या शिक्क्याचे काय? पीएफओए हे पीटीएफई तयार करताना वापरले जाणारे मदतनीस रसायन होते. ते शरीरात आणि पाण्यात वर्षानुवर्षे टिकते. अमेरिकेत वेस्ट व्हर्जिनियातल्या पार्कर्सबर्गजवळच्या ड्यूपाँटच्या कारखान्यातून ते ओहायो नदीत आणि पिण्याच्या पाण्यात गेले. त्यावरून झालेल्या खटल्यातून नेमलेल्या शास्त्रज्ञांच्या समितीने त्याचा सहा विकारांशी संभाव्य संबंध दाखवला. मूत्रपिंडाचा आणि वृषणाचा कर्करोग, थायरॉइडचे विकार, वाढलेले कोलेस्टेरॉल ही त्यातली काही नावे. जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संस्थेने २०२३ साली पीएफओएला कर्करोगकारक म्हणून पहिल्या गटात टाकले. हे सगळे भयंकरच आहे, पण ते कारखान्याच्या शेजाऱ्यांनी भोगले. तव्यावरचा थर सुमारे ४०० अंशांच्या भट्टीत थोड्या वेळात पक्का होतो, त्यात पीएफओएचा अंश फारसा उरत नाही. शिवाय मोठ्या कंपन्यांनी २०१५पर्यंत ते वापरणे सोडले आणि २०१९ मध्ये दीर्घकाळ टिकणाऱ्या घातक रसायनांविषयीच्या स्टॉकहोम करारात त्यावर जागतिक बंधन आले. तेव्हा आजच्या नामांकित तव्यावरचा हा शिक्का जुन्याच गोष्टीची जाहिरात आहे. ‘पीएफएएस-फ्री’ हा शिक्का वेगळा: पीएफएएस हे फ्लोरिनयुक्त रसायनांच्या मोठ्या कुटुंबाचे नाव, पीटीएफई आणि पीएफओए दोन्ही त्यातलीच. हा शिक्का खरा असेल तर तव्यावर पीटीएफईच नाही. अमेरिकेच्या मिनेसोटा राज्याने १ जानेवारी २०२५ पासून मुद्दाम पीएफएएस घातलेल्या भांड्यांची विक्री बंद केली आहे, तिथल्या मराठी घरांना दुकानात सिरॅमिक, लोखंड आणि स्टीलच दिसते त्याचे कारण हे.

सिरॅमिक तवा म्हणजे चिनी माती नव्हे. धातूवर सिलिकाचा काचेसारखा पातळ थर असतो. त्यात फ्लोरिन नाही, जास्त तापला तरी तो विषारी वायू सोडत नाही, पक्षी असलेल्या घरात चालतो. सुरक्षिततेत तो पीटीएफईच्या पुढे, टिकाऊपणात बराच मागे. रोजच्या वापरात काही महिन्यांतच चिकटू लागतो, मोठ्या आचेवर तर त्याआधी. किंमत सारखीच असेल तर हे गणित घालूनच घ्यावा.

हार्ड अ‍ॅनोडाइज्ड हा नॉन-स्टिक नाही, विक्रेता काहीही म्हणो. आम्लात वीज सोडून अ‍ॅल्युमिनियमचाच पृष्ठभाग कडक ऑक्साइडमध्ये बदललेला असतो. भाजी परतायला, आमटीला उत्तम. सोडा किंवा तिखट क्षार असलेल्या पावडरीने घासला की तो काळपट-पांढरा पडतो, आणि आंबट पदार्थ त्यात रात्रभर ठेवू नये. मात्र घाबरून नॉन-स्टिक टाकले आणि स्वस्त हिंडालियमची (अ‍ॅल्युमिनियमच्या मिश्रधातूची) कढई आणली, तर आगीतून फुफाट्यात. २०२५ मध्ये अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनाने (एफडीए) भारतातून गेलेल्या काही हिंडालियम, पितळी आणि अ‍ॅल्युमिनियमच्या भांड्यांतून अन्नात शिसे उतरते असा इशारा दिला. शिशापुढे टेफ्लॉनचा पापुद्रा काहीच नाही.

घेताना तवा हातात तोलून पाहा. तळ तीन मिलिमीटरपेक्षा पातळ असेल तर आचेच्या बरोबर वरचा भाग आधी करपतो आणि थर तिथूनच जातो. स्टीलची पट्टी तळावर आडवी धरा, खालून उजेड दिसला तर तळ सपाट नाही, इंडक्शनवर तो डगमगेल. दांडा जोडणाऱ्या रिव्हेटभोवती थर उचललेला नाही ना, नखाने पाहा.

नंतरची खराबी बहुधा तीन कारणांनी होते. तापलेला तवा थेट नळाखाली धरला की तो वाकतो आणि थर सुटतो, आधी कोमट होऊ द्या. स्टीलचा कालथा आणि तारेची घासणी, याबद्दल भांडी घासायला येणाऱ्या मावशींना पहिल्याच दिवशी सांगावे. आणि तिसरे, जे बहुतेकांना ठाऊक नसते: थर शाबूत असूनही तवा चिकटतो, कारण त्यावर जळक्या तेलाचा तपकिरी चिकट पापुद्रा बसलेला असतो. दोन चमचे खाण्याचा सोडा थोड्या पाण्यात कालवून लावा, वीस मिनिटांनी मऊ स्पंजने घासा. अर्धे ‘बिघडलेले’ तवे एवढ्यावर परत कामाला लागतात.

खालचा रुपेरी धातू दिसू लागला, फोड आले, मधला भाग खरखरीत झाला की तवा बाद. काही शहरांत नव्याने थर चढवून देणारे आहेत. त्यांना दोनच प्रश्न विचारा: जुना थर कसा काढता आणि नवा किती अंशांवर भाजता? वाळूच्या माऱ्याने काढून सुमारे ४०० अंशांच्या भट्टीत भाजणाराच काम जाणतो. ‘जाळून काढतो’ म्हणणाऱ्याकडे तवा देऊ नका, आणि त्याच्या कारखान्यात फार वेळ उभेही राहू नका.