३४ हजारांच्या बॅटऱ्या सांगितल्या होत्या, काम झालं २,९०० रुपयांत

सोलर आणि बॅटरी दुरुस्तीच्या एका दुकानाबद्दलचा हा माझा अनुभव. मी लिहितेय ते तिथल्या मेस्त्रींच्या कामाबद्दल, आणि जरा सविस्तर लिहिणार आहे, कारण आमच्यासारखी लाइट नसलेली घरं या भागात बरीच आहेत.

राजापूर तालुक्यात कातळावर आमची आंबा-काजूची बाग आहे आणि बागेतच घर. महावितरणचा शेवटचा खांब आमच्यापासून सव्वा किलोमीटरवर. त्यामुळे २०२१ पासून सगळं घर सोलरवरच चालतं. ३३५ वॅटची चार पॅनेल, २४ व्होल्टचा सोलर इन्व्हर्टर आणि १५० एएचच्या (एएच म्हणजे ॲम्पिअर-अवर, बॅटरीत किती साठतं त्याचं माप) दोन ट्युब्युलर, म्हणजे ॲसिड-पाण्याच्या, बॅटऱ्या. (सूर्यघर योजनेचं ७८ हजारांपर्यंतचं अनुदान ग्रीडला, म्हणजे महावितरणच्या लाइनला, जोडलेल्या छतांना मिळतं, आम्हाला नाही. हे बरेच जण विचारतात म्हणून सांगितलं.) फ्रीजमध्ये सासूबाईंचं इन्सुलिन असतं. म्हणून रात्री लाइट गेली की मला झोप लागत नाही.

गेल्या ऑक्टोबरात पाऊस थांबला, ऊन कडक पडायला लागलं, आणि नेमकं तेव्हाच रात्री साडेआठला इन्व्हर्टर बीप बीप करून बंद पडायला लागला. एरवी तो सकाळपर्यंत आरामात चालायचा. ज्यांनी सिस्टिम बसवली त्यांचा माणूस आला. पॅनेलच्या वायरींना मीटर लावला, ४४ व्होल्ट दिसले, "पॅनेल ओके" म्हणाला. चार वर्षं झाली, बॅटऱ्या संपल्या, दोन नव्या घ्या, ३४ हजार. वीस मिनिटांत निघून गेला. काजूचे पैसे बाजूला ठेवले होते ते मोडायची तयारी आम्ही केलीच होती. तेवढ्यात जावेच्या माहेरच्यांनी या दुकानाचा नंबर दिला.

मेस्त्रींनी फोनवरच तीन गोष्टी विचारल्या. दुपारी बॅटरीच्या खोलीत वास येतो का? दोन्ही बॅटऱ्यांना पाणी सारखंच लागतं का? आणि बॅटरीवरून आणखी कुठली वायर गेलीय का? वास येत होता, आंबूस, घशाला लागणारा. बाकीच्या दोन प्रश्नांना माझ्याकडे उत्तर नव्हतं. "काकी, मी बाराला येतो, तोवर काही काढू नका," म्हणाले.

बाराला का, ते आल्यावर कळलं. ऊन डोक्यावर आणि चार्जिंग जोरात असताना त्यांनी दोन्ही बॅटऱ्यांची मिळून व्होल्टेज घेतली, २८.७. चांगली. मग एकेकीवर मीटर लावला. डावीकडची १५.६, उजवीकडची १३.१. मला बोलावून दोन्ही आकडे दाखवले. दोन्ही १४.३ च्या आसपास यायला हव्या होत्या. एक जेवून जेवून उकळतेय आणि दुसरी उपाशी आहे, असं त्यांनी सांगितलं.

मग हायड्रोमीटर काढला. काचेची नळी, वर रबराचा फुगा, आत तरंगणारा काटा. फुगा दाबून नळी सेलमध्ये (बॅटरीच्या एका कप्प्यात, एकेकीत असे सहा) सोडायची, ॲसिड वर ओढायचं, काटा कुठे थांबतो ते डोळ्यांच्या रेषेत धरून वाचायचं. बारा सेल, बारा वेळा, दर वेळी नळी ओल्या फडक्याने पुसून. कॅलेंडरच्या जुन्या पानामागे आकडे लिहीत गेले. ट्युब्युलर पूर्ण भरली की ग्रॅव्हिटी, म्हणजे ॲसिडचा दाटपणा, १२४० च्या आसपास हवी. उजवीकडचीत ११४०, ११४५, ११५०, एका सेलला तर ११०५. डावीकडचीत १२६० च्या वर, आणि दोन सेलमध्ये नळी ॲसिडला टेकेचना. पाण्याचा लाल-हिरवा दर्शक मात्र हिरवाच दाखवत होता. त्यांनी तो उपसून काढला. मळाने दांडी अडकली होती. टॉर्च मारून मला आत बघायला लावलं, प्लेटा उघड्या पडल्या होत्या. चार वर्षं तो हिरवा ठिपका बघून मी निर्धास्त होते.

आता कारण. उजव्या बॅटरीच्या टर्मिनलवरून एक बारीक लाल-काळी वायर भिंतीमागे जात होती. मेस्त्री ती धरून धरून गोठ्यापर्यंत गेले. माकडं आणि चोर दोन्हींसाठी आम्ही मागच्या वर्षी कॅमेरे लावले होते. कॅमेरा आणि राउटरला १२ व्होल्ट लागतात, म्हणून बसवणाऱ्याने सरळ एकाच बॅटरीवरून कनेक्शन काढलं. मेस्त्रींनी क्लॅम्प (वायरीभोवती धरून करंट मोजायचा मीटर) लावला, ०.८ ॲम्पिअर. दिसायला काहीच नाही, पण चोवीस तासांत १९ एएच होतात आणि ते एकाच बॅटरीतून जातात. बॅटऱ्या सिरीजमध्ये, म्हणजे एकीपुढे एक जोडलेल्या, असल्यामुळे पॅनेलकडून दोघींना करंट सारखाच मिळतो. मग जिच्यातून कमी गेलं ती आधी भरते आणि पुढे नुसतं पाणी उडवत बसते, आणि दुसरी कधी भरतच नाही. रात्री ती उपाशी बॅटरी आधी बसते, एकूण व्होल्टेज पडते, इन्व्हर्टर बंद. नव्या बॅटऱ्या घेतल्या असत्या तर ही वायर तिथेच राहिली असती आणि वर्षभरात त्यांचंही तेच झालं असतं. हा विचार मनात आला तेव्हा मी खरंच खाली बसले.

पॅनेलचं प्रकरण वेगळंच निघालं. चारही पॅनेलच्या वायरी जिथे एकत्र येतात त्या डब्यात एकेका वायरीभोवती क्लॅम्प धरला. ७.१, ७.०, ०.२, ७.२. तिसरं पॅनेल काहीच देत नव्हतं. आधीच्या माणसाला त्याच पॅनेलला ४४ व्होल्ट दिसले होते आणि ते खोटं नव्हतं. मीटर करंट ओढतच नाही, त्यामुळे जळक्या जोडातूनही व्होल्टेज पूर्ण दिसते. लोड आला की कळतं. साधा क्लॅम्प मीटर इथे चालत नाही, डीसी मोजणारा लागतो, हेही त्यांनीच सांगितलं. पॅनेलचा एमसीबी (मेन स्विच) आधी बंद केला, कारण चालू करंटवर डीसीचा जोड सोडला की ठिणगी लवकर तुटत नाही. मग छतावर चढून जोड खाली आणला. पॅनेलच्या वायरींचा काळा प्लास्टिकचा जोड, त्याला एमसी-फोर म्हणतात, आतून वितळलेला, पिन काळीठिक्कर. पक्कडीने चेपून बसवली होती. मेस्त्रींनी त्यांच्या क्रिंपिंगच्या हत्याराने नवा बसवला आणि मला ओढून बघायला सांगितलं.

बॅटऱ्यांमधल्या लिंकची (जोडवायरीची) एक थिंबलही, म्हणजे टोकाची धातूची टोपी, गंजली होती, ती बदलली. काढताना आधी पॅनेल बंद, मग बॅटरी. जोडताना आधी बॅटरी, मग पॅनेल. हा क्रम मी आता इन्व्हर्टरच्या वर भिंतीवर लिहून ठेवलाय.

डावीकडच्या बॅटरीत आधी प्लेटा बुडतील इतकंच डिस्टिल्ड वॉटर घातलं, चार्ज झाल्यावर उरलेलं. उजवीकडची ते दुकानात घेऊन गेले, तीन दिवस ७ ॲम्पिअरवर सावकाश चार्जिंगला लावायला. पन्नास किलोचं ओझं त्यांनी आणि त्यांच्या मुलाने पायरीवरून खाली नेलं. तोवर आम्हाला एक जुनी बॅटरी वापरायला दिली, डिपॉझिट न घेता. सासूबाईंचं औषध फ्रीजमध्ये आहे एवढंच मी बोलले होते. "आजींचं औषध खराब होता कामा नये," म्हणत बॅटरी आधीच गाडीतून काढली.

बिल असं: व्हिजिट आणि तपासणी ७००, एमसी-फोर जोड २००, लिंक आणि थिंबल ४५०, कॅमेऱ्यासाठी २४ चे १२ करणारा कन्व्हर्टर ६५०, चार्जिंग ६००, डिस्टिल्ड वॉटर ३००. कन्व्हर्टर दोन्ही बॅटऱ्यांच्या टोकांना लागतो, म्हणजे ओढ दोघींवर सारखी.

बॅटरी परत आली तेव्हा पाच सेल १२२० ते १२३० आणि एक ११९०. तो एक सेल कच्चाच राहणार, हे त्यांनी स्वतःहून सांगितलं. "वर्ष काढेल. त्यापुढचं मी सांगत नाही." मला हे फार आवडलं. रात्री दहाला त्यांनी फोन करून सगळं बंद करायला लावलं आणि डिस्प्लेवरचा आकडा विचारला. काहीही चालू नसताना इन्व्हर्टर स्वतः १.४ ॲम्पिअर खात होता, दिवसाला जवळपास ३४ एएच. त्यावर इलाज नाही, पण ७५ वॅटचे दोन जुने पंखे काढून बीएलडीसी, म्हणजे कमी वीज खाणाऱ्या मोटरचे, पंखे लावा म्हणाले. ते अठ्ठावीस-तीस वॅटमध्ये चालतात. आम्ही लावले.

तक्रारी आहेत. तीन दिवस म्हणाले आणि बॅटरी पाचव्या दिवशी आली. बिल मागितल्याशिवाय मिळत नाही, मागून घ्या. लिथियम बॅटऱ्यांचं काम ते करत नाहीत. आणि दुपारी फोन उचलत नाहीत, कारण कुणाच्या तरी छतावर असतात.

सकाळी साडेनऊच्या आत फोन लावा. इन्व्हर्टरच्या डिस्प्लेचा आणि बॅटरीच्या टर्मिनलचा जवळून फोटो आधी पाठवा, सगळ्या वायरी दिसतील असा. आमच्या वेळी फोटो पाठवला असता तर ती लाल-काळी वायर त्यांना घरबसल्या दिसली असती.