स्किड स्टीअरच्या लेव्हरमधला प्ले (ढिलेपणा) काढला, त्याला आठ महिने झाले

"आण्णा, गाडी आपोआप सरकतीया," असं आमच्या स्किड स्टीअरचा (पुढं बकेट असलेल्या छोट्या लोडरचा) ऑपरेटर पहिल्यांदा म्हणाला तेव्हा मी त्यालाच झापलं. मग स्वतः बसलो. दोन्ही लेव्हर सोडले तरी डावी चाकं मुंगीच्या चालीनं पुढं जात होती. सरळ जायचं तर उजवा लेव्हर सतत बोटभर जास्त रेटून धरावा लागे. साखर कारखान्याच्या बगॅस (उसाचा चोथा) यार्डात मशीनच्या पुढ्यात कुणी ना कुणी फावडं घेऊन उभा असतोच. तिथं असलं मशीन म्हणजे जिवाशी खेळ.

मशीन सेकंडहँड. सगळा गाव त्याला बॉबकॅट म्हणतो, कंपनी वेगळीच आहे. एका मेकॅनिकनं दहा मिनिटं पाहून "पंप गेला" असा निकाल दिला. आकडा दीड लाखाच्या पुढं. जोर तर कमी झाला नव्हता, भरलेलं बकेट घेऊन चढ आरामात चढत होतं, म्हणून मला ते पटेना.

खात्री करायला मशीन स्टँडवर घेतलं, चारही चाकं अधांतरी. केबिन उलटवून डाव्या पंपाच्या आर्मपासून लेव्हरकडून येणारा रॉड सोडवला, केबिन खाली घेतली, ऑपरेटरला सीटवर बसवून इंजिन चालू केलं. चाकं गप्प! म्हणजे पंप आपणहून न्यूट्रलला येत होता, त्याला येऊ देत नव्हती ती वरची जोडणी. लेव्हरच्या मुळाशी असलेला बुश (पिन ज्यात फिरते ती धातूची नळी) घासून अंड्यासारखा झालेला, पिनेला नखात अडकेल एवढी खाच. लेव्हर सोडला तरी पिन त्या खाचेतच बसून राहायची.

यात मिलिमीटरचा हिशेब का लागतो? या मशीनला स्टीअरिंग नसतं. प्रत्येक बाजूला एक पंप आणि एक मोटर, मोटरवरून चेननं त्या बाजूची दोन्ही चाकं. लेव्हर पंपातली स्वॅश प्लेट तिरपी करतो; जेवढी तिरपी तेवढं तेल, तेवढा वेग. ही प्लेट पूर्ण फिरली तरी जेमतेम १५ ते १८ अंश, म्हणून खाली मिलिमीटरभर फरकही चाकाला जाणवतो. आता रॉडच्या दोन टोकांना, बुशात, आर्मच्या क्लॅम्पमध्ये थोडा थोडा प्ले धरा. सगळा मिळून वर लेव्हरच्या टोकाला आमच्याकडं दोन इंच झाला होता.

बुश आणि पिना कोल्हापूरच्या उद्यमनगरात करून घेतल्या. बुश गनमेटलचे, पिना ईएन-८ पोलादाच्या. टर्नरनं जुनी पिन हातात फिरवून विचारलं, "ग्रीस कधी मारलेलं का?" उत्तर द्यायला तोंड नव्हतं. रॉड एंड, म्हणजे रॉडच्या टोकाचे फिरते सांधे, चार लागले. दोन कंपनीचे घेतले, दोन बाजारातले निम्म्या किमतीचे. मजुरी धरून सगळं अठरा हजारांत बसलं.

बसवताना दोन चुका केल्या. रॉडच्या एका टोकाला उलटे आटे असतात, म्हणजे रॉड फिरवला की लांबी कमी-जास्त होते. मी ते विसरून पाना लावून जोर केला आणि एक नवा रॉड एंड वाया घालवला. दुसरी चूक, सकाळी थंड तेलावर न्यूट्रल लावलं. दुपारी तेल तापलं आणि चाकं पुन्हा हळूहळू फिरायला लागली. तेल गरम करून परत लावलं. या भानगडीत केबिन सात वेळा वर-खाली झाली. शेवटी यार्डात चुन्याची रेघ मारून फुल लेव्हरवर गाडी सोडली, ती डावीकडं ओढली तेवढा स्टॉप बोल्ट (लेव्हर कुठवर जाईल ते ठरवणारा) फिरवला.

तेव्हापासून अख्खा गळीत हंगाम झाला, साडेसहाशे तास. बुशांना काही झालेलं नाही. बाजारातले दोन्ही रॉड एंड मात्र जानेवारीतच खुळखुळायला लागले. बगॅसची बारीक धूळ ग्रीसमध्ये मिसळली की त्याची व्हॉल्व्ह घासायची पेस्ट होते. आता चारही कंपनीचेच आहेत, वर सायकलच्या ट्यूबचा तुकडा चढवून दोन्हीकडून टाय मारलाय. दिसायला गबाळं आहे, पण आत धूळ जात नाही. ग्रीस मारण्याआधी निपल फडक्यानं पुसायचं, हे मात्र ऑपरेटरला अजून रोज सांगावं लागतं.

हे यंत्र मुळात १९५७ साली अमेरिकेतल्या मिनेसोटात केलर बंधूंनी टर्कीच्या खुराड्यातली घाण काढायला बनवलं. तिथंही धूळ काही कमी नसणार.

लेव्हरचे धक्के शोषणारे डॅम्पर बदलले नाहीत, पैसे वाचवले. डाव्याचं तेल गळायला लागलंय; खड्ड्यातून गेलं की लेव्हर हातात थरथरतो आणि गाडी उगाच दोन हिसके खाते. दसऱ्याआधी केबिन परत एकदा उलटवावी लागणार.