सिंगापूर सहल, बावीस मुलं आणि जीएसटी नंबरातलं सहावं अक्षर

सांगली-मिरज रस्त्यावरच्या एका शाळेतल्या नववीच्या बावीस मुलांचे सिंगापूर सहलीचे पैसे गेल्या हिवाळ्यात बुडाले. शाळेचं नाव लिहीत नाही, टूरवाल्याचंही नाही, कारण प्रकरण पोलिसांत आहे. माझी भाची त्या बावीस जणांत होती. मी एका करसल्लागारांच्या ऑफिसात जीएसटीची रिटर्नं भरते, त्यामुळे शेवटी सगळी फाईल माझ्याच टेबलावर आली. त्यातला जवळपास प्रत्येक कागद घरबसल्या, एक रुपयाही न खर्चता तपासता येण्यासारखा होता. तरी तो कुणी तपासला नाही, आणि त्याला एक कारण आहे. त्या कारणासाठीच हे लिहितेय.

माणशी ब्याऐंशी हजार सांगितले होते. पाच घरांना ते झेपणारे नव्हते. मुलांनीच ठरवलं की जायचं तर सगळ्यांनी जायचं. घरून जमेल तेवढं द्यायचं आणि उरलेलं मिळून कमवायचं. स्काउटची ‘खरी कमाई’ सगळ्यांनाच माहीत होती, तीच मोठ्या प्रमाणावर करायची. एकीच्या घरी चुरमुरे, शेंगदाणे, लसूण, मेतकूट आणून भडंग व्हायला लागला. संस्थानच्या गणपतीच्या मिरवणुकीला पाचव्या दिवशी सगळी सांगली रस्त्यावर असते, तेव्हा मुलांनी गणपती पेठेच्या तोंडाला टेबल टाकलं. तासगावकडच्या एका वडिलांनी स्वतःच्या शेडवरचा बेदाणा घेतल्या भावात दिला, मार्केट यार्डातल्या एका व्यापाऱ्याने हळद. दिवाळीत उटणं, पणत्या, आकाशकंदील. मधल्या काळात घरोघरची रद्दी.

हिशेबाची वही भाचीकडे होती. त्यातली एक ओळ तशीच उतरवते: ‘भडंग 40 पाकिटं. 2 फुटली, वर्गात खाल्ली, खाणाऱ्यांकडून 5-5 रु. घेतले.’ आमच्या ऑफिसात येणाऱ्या निम्म्या दुकानदारांची खाती इतकी चोख नसतात. दिवाळीपर्यंत या वहीत दीड लाखाच्या वर रक्कम जमली होती.

टूरवाल्याने हे सगळं पहिल्या दिवसापासून हेरलं. स्टॉलवर येऊन स्वतः दहा पाकिटं घेतली, मुलांबरोबर फोटो काढले, ते आपल्या पेजवर टाकले. हप्ते कसे लावले बघा: बुकिंगचा गणपतीनंतर, विमानाचा दसऱ्यानंतर, व्हिसा-हॉटेलचा दिवाळीनंतर. मुलांच्या गल्ल्यात पैसे कधी येणार हे त्याला आमच्याइतकंच पाठ होतं. एका वडिलांनी दुसऱ्या हप्त्याला पक्की पावती मागितली. त्यावर पालकांच्या ग्रुपवर त्याने लिहिलं, “पोरं उन्हात उभी राहून पैसे जमवतायत आणि आपण शंका काढायच्या? त्यांचं मन मोडेल हो.” चार पालकांनी हात जोडलेले इमोजी टाकले आणि विषय संपला. माझ्या मते सगळी फसवणूक या एका वाक्यावर उभी होती. पालकांच्या पैशावर प्रश्न विचारता येतो. मुलांच्या घामाच्या पैशावर प्रश्न विचारणारा मात्र वाईट ठरतो.

आता कागदांकडे येते.

लेटरहेडवर कंपनीच्या नावापुढे ‘प्रा. लि.’ आणि खाली जीएसटी नंबर. हा नंबर पंधरा अक्षरांचा असतो. पहिले दोन आकडे राज्याचे, महाराष्ट्राचे 27. त्यापुढची दहा अक्षरं म्हणजे त्या धंद्याचा पॅन. पॅनचं चौथं अक्षर सांगतं की धारक कोण आहे: कंपनी असेल तर सी, भागीदारी असेल तर एफ, एकटा माणूस असेल तर पी. म्हणजे जीएसटी नंबरातलं सहावं अक्षर बघितलं की पुरे. इथे ते पी होतं. प्रायव्हेट लिमिटेड कंपनीच्या नंबरात तिथे पी येऊच शकत नाही. जीएसटीच्या पोर्टलवर लॉगिन न करता नंबर टाकून शोधता येतं. तिथे भलत्याच जिल्ह्यातल्या एका स्टेशनरी दुकानाचं नाव आलं आणि नोंदणी रद्द झालेली. कंपन्यांच्या नोंदी असलेल्या एमसीएच्या साइटवर त्या नावाची कंपनीच सापडली नाही. चहा संपायच्या आत हे एवढं कळलं.

पैसे कंपनीच्या खात्यात नव्हे, एका व्यक्तीच्या नावे यूपीआयने घेतले. कारण काय, तर “कंपनीतून घेतले तर टीसीएस लागेल, तो तुमचा वाचवतो.” आमच्या धंद्यातल्या माणसाचे इथे कान टवकारतात. टीसीएस म्हणजे विकणाऱ्याने गिऱ्हाइकाकडून गोळा करून सरकारात भरायचा आयकर. परदेश सहलीच्या पॅकेजवर टूरवाल्याने तो गोळा करायचा, हा नियम 2020 पासून आहे. पण तो पैसा बुडत नाही. तो पैसे देणाऱ्याच्या पॅनवर जमा होतो, आयकर खात्याच्या पोर्टलवरच्या आपल्या कर-तपशिलात दिसतो, रिटर्न भरताना वळता करून घेता येतो किंवा परत मिळतो. म्हणजे टीसीएस भरलेला दिसणं हा आपल्याकडचा पुरावा आहे, की समोरच्याने आपल्याला परदेश सहल विकली आणि सरकारला तसं कळवलं. तो ‘वाचवून’ देणारा खरं तर स्वतःचा माग पुसत असतो. घासाघीस किमतीत करा. टीसीएस माफ करतो म्हणणाऱ्याकडून सहल घेऊ नका.

‘सायन्स सेंटरचं निमंत्रणपत्र’ फ्रेम करून मुख्याध्यापकांच्या केबिनमध्ये लावलं होतं. सिंगापूरचं सायन्स सेंटर जुरोंगला आहे, तिकीट काढून कुणीही आत जातं, शाळांचे गट आधी नोंदणी करून जातात. निमंत्रण यावं लागतं असं काही नाही. नासाच्या नावानेही हाच प्रकार चालतो, म्हणून सांगते: फ्लोरिडातलं केनेडी स्पेस सेंटरचं व्हिजिटर कॉम्प्लेक्सही तिकीट काढून बघायची जागा आहे. तिथे ‘निवड’ झाली म्हणून कुणी पैसे मागत असेल तर निवड कुणी केली ते लेखी मागा.

विमानाच्या तिकिटात मात्र जाणकार पालकही फसले. त्याने पीएनआर दिला, दोघांनी विमान कंपनीच्या साइटवर टाकून पाहिला, बुकिंग दिसलं, सगळे निर्धास्त झाले. पीएनआर म्हणजे तिकीट नव्हे. पैसे न भरता जागा काही काळ धरून ठेवता येतात, तेव्हाही पीएनआर मिळतो. मुदत संपली की बुकिंग आपोआप जातं, आणि ते तसंच गेलं. पैसे भरून तिकीट निघालं की प्रत्येक प्रवाशाचा तेरा आकडी ई-तिकीट नंबर तयार होतो. त्याचे पहिले तीन आकडे विमान कंपनीचे असतात, सिंगापूर एअरलाइन्सचे 618, एअर इंडियाचे 098. तो नंबर हातात नसेल तर विमानाचा हप्ता देऊ नये.

पासपोर्ट तेवढे खरे होते, आणि त्यानेच घात केला. पासपोर्टला पालकांना मुलांसकट स्वतः केंद्रावर जावं लागतं, त्यामुळे घरी पोस्टाने निळी पुस्तिका आल्यावर बाकीचंही खरं वाटायला लागलं. अठरा वर्षांखालच्या मुलाच्या साध्या पासपोर्टची सरकारी फी 1,000 रुपये आहे. त्याने ‘फॉर्म भरणावळ’ धरून साडेतीन हजार घेतले आणि नंतर मूळ पासपोर्ट ‘व्हिसाच्या शिक्क्याला’ म्हणून स्वतःकडे ठेवले. सिंगापूरचा व्हिसा इलेक्ट्रॉनिक असतो, पासपोर्टवर शिक्का मारायचा नसतो.

हे सगळं बाहेर आलं ते मुलांमुळेच. ग्रुपवर व्हिसाच्या पीडीएफ आल्या त्या संध्याकाळी भाची आणि तिची बाकावरची मैत्रीण आमच्या घरी मोबाइल शेजारी शेजारी धरून बसल्या होत्या. “आत्या, एवढं बघ की. आमच्या दोघींचा नंबर एकच कसा?” फोटो वेगळे, नावं वेगळी, नंबर तोच. सिंगापूरच्या इमिग्रेशन खात्याच्या म्हणजे आयसीएच्या साइटवर ई-व्हिसा खरा की खोटा ते तपासता येतं. टाकून पाहिला, नोंदच नाही. दादाने, म्हणजे भाचीच्या वडिलांनी, टूरवाल्याला फोन लावला. “क्लेरिकल मिस्टेक आहे साहेब, उद्या रिवाइज्ड कॉपी येईल.” उद्या फोन बंद.

शेवटचा हप्ता आदल्याच दिवशी गेला होता. म्हणून त्या रात्रीच सायबर फसवणुकीच्या 1930 या हेल्पलाइनला फोन केला आणि सायबर क्राइमच्या पोर्टलवर तक्रार टाकली. त्या हप्त्यातला काही भाग त्याच्या खात्यात गोठला. तो हातात यायला बऱ्याचदा कोर्टाची पायरी चढावी लागते, पण निदान पुढे सरकला तरी नाही. आधीचे हप्ते कधीच काढून घेतलेले होते. दोघांनी रोख दिले होते, त्यांच्याकडे व्हिजिटिंग कार्डाच्या मागे पेनने लिहिलेली पावती आहे. तीही जपून ठेवा म्हटलं. ग्रुपवरच्या गप्पांत रकमेचा उल्लेख असेल तर सगळं चॅट एक्स्पोर्ट करून घ्या, ग्रुपमधून रागाने बाहेर पडू नका. आमचे तिघे तसे बाहेर पडले होते.

पोलीस ठाण्यात पहिल्यांदा “सहल रद्द झाली असेल, हा दिवाणी मामला आहे, ग्राहक आयोगात जा” असंच ऐकावं लागलं. मग दोन व्हिसा शेजारी ठेवले. पैसे थकवणं वेगळं आणि दुसऱ्या देशाच्या सरकारचा कागद बनवणं वेगळं. भारतीय न्याय संहितेच्या कलम 318 खाली फसवणुकीचा आणि त्याबरोबर बनावट कागदपत्रांचा गुन्हा नोंदला गेला. पासपोर्ट त्याच्या भाड्याच्या गाळ्यात ड्रॉवरमध्ये मिळाले, सगळेच्या सगळे. कायद्याने पासपोर्ट ही केंद्र सरकारची मालमत्ता आहे, कुठल्याही एजंटाला तो अडवून ठेवता येत नाही. तक्रारीत हा मुद्दा ठळक लिहा, हालचाल लवकर होते.

ग्राहक आयोगाचा रस्ताही धरला आहे. दिलेली रक्कम पाच लाखांच्या आत असेल तर तक्रारीला फी लागत नाही, ई-जागृती पोर्टलवरून घरूनच दाखल करता येते आणि कारण घडल्यापासून दोन वर्षांची मुदत असते. पैसे कधी मिळतील यावर मी पैज लावणार नाही.

वहीतल्या दीड लाखाचं काय करायचं हा प्रश्न शाळेत निघाला, कारण ते पैसे निव्वळ मुलांचे होते. संस्थेने ती रक्कम आपल्याकडून भरून दिली. हे मला मनापासून आवडलं. पालकांना मात्र काही मिळालं नाही.

गेल्या आठवड्यात जतकडच्या एका शिक्षकांनी ओळखीतून एक पत्रक पाठवलं. ‘शैक्षणिक सहल, जपान.’ कंपनीचं नाव नवं, फोन नंबर नवा, आणि वर ओळ: ‘विद्यार्थ्यांच्या स्वकमाईला आमचा हातभार’. खाली जीएसटी नंबर जुनाच, रद्द झालेला. पत्रक तपास अधिकाऱ्यांकडे दिलं आहे. सांगली, सातारा, कोल्हापूरकडच्या कुठल्या शाळेत असं पत्रक आलं असेल तर पुढचा हप्ता थांबवा, पत्रकाचा दोन्ही बाजूंनी फोटो काढा आणि आधी ते सहावं अक्षर बघा.