धामण, बांबू आणि नवतपा: हाताने बनवलेला तिरकमठा दहा महिने वापरल्यावर

मार्चमध्ये बांबू आणि लाकडाचे थर चिकटवून केलेलं धनुष्य आता जानेवारीत आलं आहे, म्हणून लिहायला बसलो. आधी निकाल सांगतो. थर कुठेही सुटलेले नाहीत. ताकद थोडी उतरली, पावसाळ्यात एकदा पाठीवरच्या, म्हणजे लक्ष्याकडे असलेल्या बाजूच्या, बांबूची एक सळी उचलली, मुठीजवळचं पॉलिश पांढरं पडलं. पण थर जागेवर आहेत आणि मला खरी धास्ती त्यांचीच होती, कारण आधीचं धनुष्य मी त्यातच गमावलं होतं.

ते पहिलं धनुष्य मी सुतारकामातल्या पांढऱ्या डिंकाने चिकटवलं होतं. टेबल-खुर्चीला तो डिंक उत्तम. पण धनुष्यात दोन थरांमध्ये सतत सरकवणारा ताण असतो आणि तो डिंक अशा ताणाखाली हळूहळू सरकत जातो, उष्णतेत तर फारच. मी ते दोरी चढवलेलं तसंच पत्र्याच्या पडवीत टांगून ठेवलं. मे महिन्यात एका दुपारी उतरवलं तर वरच्या पात्याच्या (मुठीच्या वर आणि खाली वाकतात ती दोन पाती) टोकाला बांबू आणि लाकूड एकमेकांवरून चांगले दोन मिलिमीटर सरकले होते, फटीत नख जात होतं. दीड महिन्याची मेहनत होती ती. फार वाईट वाटलं.

दुसऱ्यासाठी सामान निवडताना म्हणूनच वेळ घेतला. बांबू आमच्याच धुऱ्यावरचा मानवेल. भरीव जातीचा, तीन वर्षांचा, डिसेंबरात तोडलेला. २०१७ साली वनेतर जमिनीवरचा बांबू वनकायद्यातल्या 'झाड' या व्याख्येतून वगळला गेला, तेव्हापासून स्वतःच्या शेतातला बांबू कापणं सोपं झालं आहे. तोडल्यावर तीन आठवडे बोडीच्या, म्हणजे शेतातल्या लहान तळ्याच्या, पाण्यात बुडवून ठेवला, म्हणजे आतला पिठूळ अंश निघून जातो आणि घुण लागत नाही. मग सावलीत वाळवला. बांबूची सगळी ताकद त्याच्या बाहेरच्या अंगाला असते, तिथे तंतू दाट असतात. म्हणून पाठीसाठी कामटी काढताना वरची हिरवी साल फक्त खरवडायची, त्याखालच्या तंतूंना रंधा लागू द्यायचा नाही. गाठीही सपाट करायच्या नाहीत, थोड्या उंचच ठेवायच्या.

आतल्या दोन थरांसाठी धामण, म्हणजे त्या नावाच्या झाडाचं लाकूड. आमच्या भागात कुऱ्हाडीचे दांडे, कावडी पूर्वीपासून धामणाच्या असतात, कारण ते लाकूड लवतं आणि परत सरळ होतं. माझ्याकडे आजोबांच्या वेळची कावड माळ्यावर पडून होती. इतकी वाळलेली की करवत लागली तेव्हा भुसा पिठासारखा उडत होता. तिच्यातून ३३ इंचांचे चार तुकडे निघाले, ते मुठीत जोडले. मुठीला बाभूळ. पूर्ण लांबी ६६ इंच, पात्याची रुंदी मुठीजवळ दीड इंच आणि टोकाला अर्धा इंच. जाडी मुठीजवळ साडेबारा मिलिमीटर, टोकाकडे उतरत उतरत नऊ.

जाडीबद्दल एक गोष्ट पहिल्या धनुष्यात मला कळली नव्हती. रुंदी दहा टक्के वाढवली तर ताकद दहा टक्केच वाढते, पण जाडी दहा टक्के वाढवली तर ती तेहतीस टक्क्यांच्या घरात जाते. म्हणजे काळजी कुठे घ्यायची ते ठरलेलं. चार ठिकाणी व्हर्नियर लावून मोजल्याशिवाय थर चिकटवायला घेऊ नका.

डिंक या वेळी इपॉक्सी. अराल्डाइटचे दोन भाग, डब्यावर सांगितलेल्या प्रमाणात, अंदाजाने नाही. चिकटवायच्या बाजू ८० नंबरच्या पॉलिश पेपरने खरखरीत केल्या, थिनरने पुसल्या आणि नंतर बोट लावलं नाही. साच्यावर आधी पॅकिंगची टेप, नाहीतर धनुष्य साच्यालाच चिकटून बसतं. दाबायला शिकंजे नव्हते म्हणून सायकलच्या जुन्या ट्यूब इंचभर रुंद पट्ट्यांत कापून एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत गुंडाळल्या. शिकंज्यापेक्षा हे मला जास्त आवडलं, दाब सगळीकडे सारखा पडतो. इपॉक्सीला फार जोराने आवळायचंही नसतं, सगळा डिंक बाहेर निघून जातो आणि सांधा कोरडा राहतो.

एक दिवस सावलीत ठेवून मग साच्यासकट काळ्या प्लास्टिकखाली अंगणात उन्हात ठेवलं, तीन दिवस. आत थर्मामीटर ठेवला होता, दुपारी ५२ अंशांवर जायचा. नुसत्या घरच्या तापमानावर घट्ट झालेली इपॉक्सी उन्हाळ्यात मऊ पडू शकते, पण आधीच अशी शेकून घेतली तर ती पुढे जास्त उष्णता सहन करते. शहरातली माणसं यासाठी बल्ब लावून पेटी करतात. आपल्याकडे मार्चचं ऊन फुकट आहे.

सगळ्यात जास्त दिवस गेले ते दोन्ही पाती सारखी वाकवण्यात. भिंतीला खुंटी, खाली कप्पी, दोरी ओढत धनुष्य वाकवायचं आणि लांबून पाहायचं. कुठे कडक आहे, कुठे बिजागरीसारखं मोडतंय. गावातले एक म्हातारे गोंड बाबाजी, ज्यांनी तरुणपणी कितीतरी तिरकमठे केले, ते त्या दिवसांत रोज संध्याकाळी येऊन बसायचे. त्यांच्या जुन्या धनुष्याला दोरीसुद्धा बांबूच्याच कामटीची होती. खालच्या पात्याला मी जोर लावून घासतोय हे पाहून ते म्हणाले, "काहून रंधा मारून रायला रे बापू? आता काच घे. अन् दहा खेप वाकोव, मंग पाय."

काच म्हणजे फुटलेल्या खिडकीचा तुकडा. तिने पोटाकडून, म्हणजे आपल्याकडे असलेल्या बाजूने, कागदासारखं पातळ भुसकट निघतं. पाठीला हात लावायचा नाही. पाच-सहा वेळा खरवडायचं, दहा वेळा हळू वाकवायचं, मग बघायचं. लाकडाला बदल कळायला वेळ लागतो आणि लगेच पुन्हा खरवडलं की नेमकं त्याच जागी जास्त निघून बसतं. खालचं पातं वरच्यापेक्षा जरासं कडक ठेवलं, दोरीपासूनच्या अंतरात चार मिलिमीटरचा फरक, कारण हाताचा दाब मुठीत खाली असतो आणि बाण त्याच्या वरून सुटतो.

ताकद मोजायला वेगळं यंत्र नाही लागलं. कापूस वेचणीला वापरतो तो लटकता काटा दोरीला अडकवला आणि २८ इंच ओढला: साडेअठरा किलो, म्हणजे ४१ पौंड.

उन्हाळा मला वाटला होता तेवढा वाईट गेला नाही. आमच्याकडे मे महिन्यात पारा ४५ च्या वर जातो आणि नवतप्यात, म्हणजे मेअखेरच्या सगळ्यात कडक उन्हाच्या नऊ दिवसांत, तर पत्र्याखाली उभं राहवत नाही. त्या दिवसांत धनुष्य मातीच्या भिंतीच्या खोलीत, दोरी उतरवून, आडवं दोन खुंट्यांवर ठेवलं. सराव फक्त पहाटे. दर आठवड्याला नखाने सांधे तपासले, काही नाही.

पावसाळ्याने मात्र त्रास दिला. मृग लागल्यावर हवेतला ओलावा वाढला तसं लाकूड नरम पडलं आणि जुलैअखेर काटा १६ किलोच दाखवू लागला. बाण खाली पडायला लागले, मला वाटलं माझाच हात बिघडला. पॉलिश लाखेचं केलं होतं, दोन हात. ती वाफ बऱ्यापैकी अडवते, पण थेट पाणी आणि घाम लागला की पांढरी होते. मुठीजवळ तेच झालं. आता तिथे सुती दोरा गुंडाळला आहे. पुढच्या वेळी लाखेचे चार हात देणार आणि मूठ आधीच गुंडाळणार.

त्याच जुलैत एका संध्याकाळी ओढताना अगदी बारीक 'टक्' ऐकू आलं. दोरी हळूच परत आणली. सोडली नाही, हे महत्त्वाचं. उजेडात तिरकं धरून पाहिलं तर वरच्या पात्यावर दुसऱ्या गाठीच्या कडेला तंतूंची एक सळी उचलली होती, सुतळीच्या धाग्याएवढी, बोट फिरवलं की टोचायची. ती गाठ मी मार्चमध्ये थोडी जास्त घासली होती, दिसायला नीट वाटावी म्हणून. पातळ इन्स्टंट गोंद आत जिरवला, वरून रेशमी दोऱ्याचे वेढे, त्यावर इपॉक्सी. त्यानंतर हजारांवर बाण सोडले आहेत, सळी जागची हलली नाही.

दिवाळीनंतर हवा कोरडी झाली आणि ताकद पुन्हा १७ किलोवर आली. मूळची साडेअठरा परत येणार नाही, हे मान्य आहे. साच्यात दीड इंच उलटा, म्हणजे दोरीच्या विरुद्ध दिशेला, बाक दिला होता, त्यातला आता अर्धा इंच उरला आहे. पहिल्या दोन महिन्यांतच तो बराचसा गेला, नंतर थांबला.

धान निघालं की मोकळ्या बांधीत ३० मीटरवर तणसाचे भारे बारदानात कोंबून ठेवतो आणि रोज चाळीस-पन्नास बाण मारतो. बाण बांबूचे, २६ ग्रॅमच्या आसपास. त्याहून हलका बाण लावला की पाती थरथरतात, हातात झटका बसतो. बाणाशिवाय दोरी कधीच सोडू नका, मुलांच्या हाती धनुष्य देताना हे सर्वात आधी सांगा. आणि जनावरांकडे ते रोखायचं नाही. १९७२ च्या वन्यजीव कायद्याने शिकार गुन्हा आहेच, पण माझ्या अंगणात तो नियम त्याआधीपासून आहे.

बाबाजींच्या थर नसलेल्या, एकाच बांबूच्या धनुष्याशी तुलना करायची तर ते एका दिवसात होतं आणि मोडलं तर दुसरं होतं. ओढायला ते शेवटी कडक लागतं. माझं थरांचं धनुष्य २८ इंचांपर्यंत एकसारखं येतं, बाणही जास्त वेगाने जातो. त्यासाठी अडीच महिने, अडीच हजारांच्या आत खर्च आणि बोटांवर उठलेलं पुरळ. ते पुरळ हातमोजे न घालता इपॉक्सी कालवल्यामुळे. ती चूक करू नका, पॉलिश पेपरची धूळही नाकात जाऊ देऊ नका.

२०२३ मध्ये नागपूरच्या ओजस देवतळेने बर्लिनच्या जागतिक स्पर्धेत कंपाउंड (कप्प्या लावलेल्या धनुष्याच्या) प्रकारात अंतिम फेरीत १५० पैकी १५० गुण घेतले, तेव्हापासून माझा भाचा मागे लागला आहे. कंपाउंड धनुष्य आमच्या आवाक्यातलं नाही. पण राष्ट्रीय स्पर्धांत इंडियन राउंड असतो, बांबूच्या धनुष्याने ३० आणि ५० मीटरवर, आणि ते आम्हाला जमण्यासारखं आहे. त्याच्यासाठी दहा किलोचं करायला घेतलं आहे. बांबू बोडीत टाकून आज बारा दिवस झाले. कावडीतले उरलेले तुकडे पुरणार नाहीत, म्हणून जुन्या धामणाचा शोध सुरू आहे. कोणाच्या माळ्यावर मोडकी कावड पडली असेल तर चुलीत घालण्याआधी मला कळवा.