लँगोलन की टॅलिन?

गायकवृंद घेऊन परदेशात जायचं, तर ही दोन्ही गावं मला खुणावतात.

वेल्समधल्या लँगोलनला १९४७ पासून डी नदीकाठी आंतरराष्ट्रीय संगीत महोत्सव भरतो. तिथे स्पर्धा असते, त्यामुळे आपल्याच तीस-चाळीस गळ्यांचा कस लागतो. एक सूर घसरला तरी लपत नाही. १९५५ साली इटलीतल्या मोडेनाच्या वृंदात तरुण पाव्हारोत्ती, पुढे जगप्रसिद्ध झालेला ऑपेरा गायक, वडिलांच्या शेजारी उभा राहून इथेच गायला, आणि तो वृंद पहिला आला.

एस्टोनियाचा 'लाउलुपिदू' मात्र साधारण पाच वर्षांतून एकदाच येतो. १८६९ मध्ये तार्तूत सुरू झालेला हा गीतमहोत्सव आता टॅलिनला भव्य कमानीखाली होतो. तिथे आपण हजारो आवाजांतला एक आवाज. एस्टोनियन शब्द घोटावे लागतात. त्यांच्यातला एक स्वर मराठीत नाहीच. ओठ गोल न करता 'ओ' म्हणून बघा, जीभ अडखळतेच! पण १९८८ मध्ये, सोव्हिएत राजवटीत, महोत्सवाच्या याच मैदानावर लोकांनी रात्री गात जागवल्या आणि १९९१ ला देश पुन्हा स्वतंत्र झाला. त्या जागी उभं राहून गाणं ही गोष्टच निराळी.

पहिलाच दौरा असेल, तर लँगोलन. मला विचाराल, तर मी टॅलिनसाठी पाच वर्षं थांबेन.